राखणीची पाळी

टेकडी राखायची पाळी त्या दिवशी थोरलीच्या घराची होती, आणि म्हणूनच तिच्या दिरानं तो दिवस निवडला होता.

हे तिला नंतर कळलं. सकाळी ती नेहमीसारखी काठी आणि पाण्याची बाटली घेऊन वर निघाली. पाळीला रोज दोन घरांतलं एकेक माणूस असायचं. आज तिच्या जोडीला वस्तीतली सुईण होती. सुईणीचे गुडघे गेले होते, तोंड मात्र शाबूत होतं. अर्ध्या चढावर ती दगडावर टेकली आणि म्हणाली, "तू वरचं बघ. मी इथं बसून खालचं बघते. चोर खालूनच वर जाणार ना?"

"आणि पलीकडून आला तर?"

"तर तुझं नशीब."

थोरली हसली आणि चढू लागली. पायाखाली पाचोळा होता. वरचा थर कुरकुरीत, खालचा कुजून काळा झालेला. पाय टाकला की किंचित दबायचा. ती लग्न होऊन आली तेव्हा ही टेकडी हातावर घेतलेल्या शिळ्या पिठासारखी कोरडी आणि पांढरी होती. सगळं जंगल आधीच खाली उतरलं होतं. कुणाच्या माडीत, कुणाच्या गोठ्यात, बरंचसं गाड्या भरून बाजारात. मग पावसाबरोबर माती गेली. मग पायथ्याचा झरा बारीक होत गेला, आणि एका उन्हाळ्यात सकाळी बायका गेल्या तर तिथं नुसती ओल होती. त्या उन्हाळ्यात दरी उतरून, नदीवरून पाणी आणावं लागलं. थोरलीची कंबर तेव्हा जी धरली ती पुरती कधी सुटलीच नाही. त्याच उन्हाळ्यात बायकांनी बैठक अडवली. टेकडी बंद करेपर्यंत एकाही पुरुषाला उठू दिलं नाही. कुऱ्हाड बंद, शेळ्या बंद, फक्त पडलेलं वाळकं सरपण उचलायचं. हळूहळू थुटांना फुटवे आले, फुटव्यांची झाडं झाली, आणि झरा परत लागला. आधी करंगळीएवढा, मग मनगटाएवढा.

यंदा पाऊस ओढ देत होता. झरा पुन्हा बारीक झाला होता आणि वस्तीत सगळ्यांचीच डोकी तापलेली होती.

माथ्याजवळ पोचल्यावर तिला घाव ऐकू आले. एक घाव, थोडा दम, पुन्हा घाव. माथ्यावर चार-दोन जुनी झाडं उरली होती, तीसुद्धा जागा अडचणीची म्हणून वाचलेली. त्यातल्या एका सरळसोट झाडापाशी धाकटा उभा होता. तिचा दीर. अंगातला शर्ट काढून फांदीला अडकवलेला, पाठ घामानं चमकत होती.

"वहिनी, तूच होय," तो म्हणाला. "मला वाटलं, सुईणच चढली की काय वर." आणि हसून त्यानं पुढचा घाव घातला.

"थांब."

"अर्ध्याच्या वर गेलंय. आता थांबलो म्हणून ते उभं राहणार आहे का?"

ते खरं होतं. खाच खोलवर गेली होती. पांढऱ्या, ओल्या ढलप्या पाचोळ्यावर पसरल्या होत्या.

"कुणाला विचारलंस?"

"पाळी कुणाची आहे? आपली. मग विचारायचं कुणाला? तुलाच विचारतो. वहिनी, एक झाड तोडू का?"

"थट्टा करू नकोस."

त्याचं हसू गेलं. "थट्टा तर माझी चाललीय. माझ्या खोलीची तुळई वाळवीनं खाल्लीय. टेकू लावून झोपतो आम्ही. बायको आज ना उद्या बाळंत होईल. त्या टेकूखाली बाळंतीण झोपवू?"

"बैठकीत माग. मी बोलेन तुझ्या बाजूनं."

"मागू? वस्तीच्या कारभाऱ्याच्या माडीला किती तुळया आहेत ते मोजून ये आधी. त्यानं कुणाकडं मागितल्या होत्या? ज्यांनी टेकडी बोडकी केली त्यांच्या माड्या झाल्या. आपली वेळ आली तर बंदी."

गेली कित्येक वर्षं ती स्वतः हेच म्हणत आली होती, फक्त चुलीपाशी, स्वतःशी. तिनं हात पुढं केला. "कुऱ्हाड दे."

"नाहीतर काय करशील? ओरडशील?"

ती ओरडली. दोन्ही तळवे तोंडाशी धरून, पाळीवाल्यांची ठरलेली लांब हाक तिनं दरीकडं तोंड करून सोडली. खाली सुईणीनं ती उचलली आणि पुढं दिली. म्हातारीचा आवाज अख्ख्या वस्तीच्या डोक्यावरून गेला. शेतांतली माणसं ताठ होऊन वर बघू लागली.

धाकटा तिच्याकडं बघत राहिला, जणू ती कुणी परकी बाई होती. मग त्यानं कुऱ्हाड तिच्या पायाशी टाकली. "संध्याकाळी घरात येशीलच ना," तो म्हणाला.

*

झाड उभं ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून माणसांनी दोर लावून ते पाडलं. ते पडताना आजूबाजूची लहान झाडंही घेऊन गेलं. दुपार कलल्यावर बैठक बसली. कारभारी खुर्चीत, बाकीचे खाली.

नियम सगळ्यांना पाठ होता. ज्या घराची कुऱ्हाड चालली त्या घरानं टेकडीच्या उतारावर आडवे चर खणायचे, पाऊस लागायच्या आत. खणून होईपर्यंत झऱ्यावर त्या घराचा नंबर शेवटचा.

"लाकूड बैठकीच्या ताब्यात राहील," कारभारी म्हणाला.

थोरली उठली. "लाकूड धाकट्याच्या खोलीला द्या."

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकट्याचीही.

"झाड तर गेलं. आता ते ताब्यात ठेवून काय पालवी फुटणार आहे? घरात बाळंतपण आहे. तुळई त्याला द्या. आणि शिक्षाही द्या."

"मूळ पकडून देणारी तू, आणि आता दान मागणारीही तूच?" कुणीतरी मागून म्हणालं. लोक हसले.

"आणि चर एकट्या आमच्याच घरानं का खणायचे?" ती पुढं बोलली. "ज्यांच्या माडीला या टेकडीची लाकडं आहेत त्या सगळ्यांनी खणावं. कारभारी, तुमच्यापासून सुरुवात."

हसणं एकदम बंद पडलं.

"तेव्हा बंदी नव्हती," कारभारी शांतपणे म्हणाला.

"तेव्हा झराही आटला नव्हता. तो कुणी आटवला?"

कारभाऱ्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही. त्यानं तिच्या नवऱ्याकडं पाहिलं. "बायकोला आवर जरा."

नवरा आपल्या पायांच्या बोटांकडं बघत होता. तसाच उठून म्हणाला, "चल घरी."

तुळई धाकट्याला मिळाली. गरोदर बाईचा विषय निघाल्यावर कुणाला नाही म्हणता आलं नाही. चरही एकट्या त्यांच्याच घराला मिळाले.

घरी जेवायला बसताना सासूनं चार ताटं मांडली. थोरली उभी राहिली.

"चोराच्या घरचं अन्न तुला चालेल का?" सासू म्हणाली, भांड्यात बघत. "म्हणून वाढलं नाही."

जावेनं मान खाली घातली. तिचं पोट इतकं पुढं आलं होतं की ताट तिला लांबून ओढावं लागत होतं. थोरलीनं स्वतःचं ताट घेतलं, स्वतः वाढून घेतलं आणि उंबऱ्यावर बसून जेवली. तिनं ताट पुसून खाल्लं.

नवरा खोलीत तिच्याकडं पाठ करून पडला होता. "एका झाडासाठी तू माझ्या भावाला चारचौघांत उभं केलंस."

"दर वेळी एकच झाड असतं," ती म्हणाली. "ही टेकडी काय कुणी एका दिवसात नेली? एकेकानं एकेकच नेलं."

त्यानं पांघरूण डोक्यावर ओढलं.

*

तुळई चढली. धाकट्यानं चार मित्र बोलावले, टेकू काढला आणि शिट्टी वाजवत छप्पर नीट केलं. चर खणायला मात्र तो गेला नाही. "मी शिक्षा मागितली नव्हती," तो सांगत फिरायचा. "ज्यानं मागितली त्यानं भोगावी."

झऱ्यावर नंबर शेवटचा असल्यावर काय होतं ते घराला दुसऱ्याच दिवशी समजलं. सगळ्यांच्या कळशा बुडून झाल्या की कुंडीत उरायचा तो गाळ. सासू ते पाणी फडक्यातून गाळायची आणि फडकं थोरलीच्या समोर पिळायची. एकदा कारभाऱ्याची सून झऱ्यावर म्हणाली, "घाई काय आहे तुम्हाला? तुमच्याकडं तर राखणदार आहे घरात." बायका पदराआड हसल्या. थोरलीनं कळशी भरली आणि निघाली.

मग एका सकाळी तिनं कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"कुठं?" सासूनं विचारलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच ती थेट तिच्याशी बोलली होती.

"चर खणायला."

"कर नाटक."

उतारावर जिथं पाचोळा साठला होता तिथं जमीन कुदळीला वाट द्यायची. काळी, भुसभुशीत, आत गांडुळं वळवळायची आणि हाताला गार लागायची. पण चर तिथं नव्हते खणायचे. ते खणायचे होते जिथं अजून काहीच उगवलं नव्हतं तिथं, आणि तिथली जमीन वाजत होती. कुदळ मारली की उलटी उसळायची आणि झिणझिण्या कोपरापर्यंत जायच्या. दुपारपर्यंत तळव्यांना फोड आले, संध्याकाळी ते फुटले. तिनं चिंध्या गुंडाळल्या. दुसऱ्या दिवशी चिंध्या दांड्याला चिकटल्या आणि सोडवताना कातडी घेऊन निघाल्या. कंबरेचं तर विचारायलाच नको. वाकली की वर यायला दोन टप्पे लागायचे.

सुईण अर्ध्या चढावर येऊन बसायची आणि तिथून सूचना द्यायची.

"वाकडा चाललाय तुझा चर."

"या मग, सरळ करा."

"मी पोरं बाहेर काढते, माती नाही." थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "खरं सांगू? मला राग आला होता तुझा. घरच्या माणसाला कुणी देतं का धरून?"

"तुम्हीच तर हाक पुढं दिलीत."

"मला काय माहीत कोण आहे ते! मला वाटलं, कारभाऱ्याचा जावई असेल. म्हणून तर एवढ्या जोरात ओरडले."

धाकटा एकदा वाटेनं जाताना थांबला. "वहिनी, जरा खोल घे. कारभाऱ्याला आवडेल."

तिनं मातीचं ढेकूळ उचललं. तो हसत निघून गेला. ढेकूळ तिच्या मुठीतच फुटलं.

एका दुपारी नवरा आला. काही न बोलता त्यानं फावडं घेतलं आणि ती खणेल ती माती खालच्या अंगाला बांधासारखी रचत गेला. अंधार पडेपर्यंत दोघं जोडीनं राबली. तिला वाटलं, आता उरकेल. पण दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

"आईनं जेवण सोडलंय," संध्याकाळी तो म्हणाला.

"तुमची आई सकाळी मागच्या दारी बसून जेवते. मी भांडी घासते, मला कळतं."

"तरी पण," तो म्हणाला. त्याच्या 'तरी पण'च्या पुढं कधीच काही नसायचं.

जावेचं पोट दुखायला लागलं ती सकाळ होती. सुईणीला दोघांनी धरून आणलं. थोरली खोलीकडं निघाली तर सासू दारात आडवी उभी राहिली. "तुझी गरज नाही."

ती अंगणात बसली. आतून कण्हणं येत होतं, मग किंकाळ्या. धाकटा कुंपणाशी फेऱ्या मारत होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. सुईणीनं आतून पाणी मागितलं. थोरलीनं रांगेत शेवटी उभं राहून आणलेलं, गाळून उकळलेलं पाणी उंबऱ्यापर्यंत नेलं. सासूनं मान वळवून भांडं तिच्या हातून घेतलं. दुपारी मूल रडलं. मुलगी होती. त्या दिवसापासून घरात सगळ्यांच्या मांडीवर ती फिरली, एकट्या थोरलीच्या नाही. ती जवळ आली की सासू म्हणायची, "हात बघ तुझे. कातडी सोलेल पोरीची."

*

पाऊस उशिरा आला, आणि आला तो थांबायचं नाव घेईना. चर अजून पुरे झाले नव्हते. वस्तीच्या पूर्वेच्या अंगाला, सुईणीच्या घराच्या वर, एक पट्टा तसाच राहिला होता. थोरली भर पावसात दोन वेळा कुदळ घेऊन गेली, पण पाय ठरेना, आणि तिला परतावं लागलं.

सलग ओतणाऱ्या पावसात एका सकाळी दरीपलीकडून आवाज आला. आधी वाटलं ढग. मग आवाज संपेचना. लोक बाहेर आले. पलीकडच्या वस्तीची टेकडी अजून बोडकीच होती. तिच्यावर ना झाड, ना मूळ, ना पाचोळा. ती सगळीच्या सगळी सुटून खाली येत होती. घट्ट, तपकिरी, सावकाश, जणू तिला घाई नव्हती. गोठे गेले. उतारावरची शेतं गेली. एक घर अर्धं उभं राहिलं आणि अर्धं चिखलात बसलं. माणसं पोरं काखेत मारून धावत होती; तिथला एक म्हातारा शेळी सोडवायला मागं वळला, तो पुन्हा दिसला नाही.

मग सगळ्यांनी एकदम माना फिरवून आपल्या टेकडीकडं पाहिलं.

ती जागेवर होती. चर तुडुंब भरले होते आणि एकातून दुसऱ्यात पाणी सावकाश उतरत होतं. झाडांखालून येणारं पाणी तर इतकं स्वच्छ होतं की झऱ्याच्या तोंडाशी खडे दिसत होते. धाकट्याची खोली, सासूची चूल, कारभाऱ्याची माडी, सगळं कोरडं उभं होतं. फक्त पूर्वेच्या अंगाला, जिथं चर नव्हते, तिथून चिखल उतरला आणि तीन-चार घरांत शिरला. कारभाऱ्याचं घर उंचावर होतं. सुईणीचं नव्हतं.

पाऊस उघडल्यावर थोरली सकाळपासून सुईणीच्या घरातला चिखल उपसत होती. म्हातारी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. "एवढाच पट्टा राहायचा होता गं तुझा," ती म्हणाली. थट्टेनं नाही.

थोरलीला कानफटात बसल्यासारखं झालं. "एकटीच होते मी," ती म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर तुला बोलतेय. बाकीच्यांना बोलून उपयोग नाही."

दुपारी पलीकडच्या वस्तीतली माणसं आली. काहींना आसरा हवा होता, काही नुसतेच टेकडीकडं बघत उभे राहिले होते. बैठकीच्या जागेवर गर्दी झाली. थोरली फावडं धुवायला तिकडून चालली होती, तेव्हा तिला दिराचा आवाज ऐकू आला.

धाकटा गर्दीच्या मधोमध उभा होता, मुलीला छातीशी धरून. "आमच्या घरानं खणलेत हे चर," तो पाहुण्यांना सांगत होता. "जमीन कसली, कातळच. कुदळ उसळायची नुसती. पण म्हटलं, आता खणायचं म्हणजे खणायचं."

शेजारी सासू होती. "आमच्याच घरानं," ती म्हणाली. नवरा भिंतीला टेकून उभा होता. कारभारी मान डोलावत होता. "आमच्या वस्तीचा नियमच तसा आहे. आम्ही जंगलाला जपतो," तो म्हणाला.

थोरली थांबली. वस्तीतल्या ज्यांना ठाऊक होतं ते सगळे तिच्याकडं बघू लागले, आणि मग दुसरीकडं. सांगायचं इतकं होतं की त्यातलं कुठलं आधी बोलावं ते तिला कळेना. तळवे दाखवावेत? उंबऱ्यावरचं ताट सांगावं? ती गर्दीतून सरळ धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याचं बोलणं तुटलं.

"बरोबर आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "आमच्याच घरानं खणलेत. पूर्वेचा पट्टा राहिलाय, तोही आमच्याच घराचा आहे." तिनं फावडं त्याच्यापुढं धरलं. "माती आत्ता मऊ आहे. पुन्हा पाऊस लागायच्या आत होईल."

धाकट्याचा चेहरा काळवंडला. पाहुणे त्याच्याकडं बघत होते.

"आणि कारभारी," ती म्हणाली, "तुमचं फावडं घरी आहे की कुणाकडून मागून आणू?"

कारभाऱ्यानं घसा खाकरला. पलीकडच्या वस्तीतली एक बाई, कपाळापर्यंत चिखलानं माखलेली, त्याच्याकडं एकटक बघत होती. तो घराकडं वळला. फावडं आणायला की नुसताच, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

धाकट्याला फावडं घ्यायला हात मोकळा नव्हता. त्यानं आईकडं पाहिलं, पण गर्दीच्या रेट्यात ती दोन माणसांच्या मागं गेली होती. त्यानं मुलीला थोरलीच्या हातात दिलं आणि फावडं हिसकावून घेतलं.

"हे तू बरं केलं नाहीस, वहिनी," तो दात आवळून म्हणाला.

"वर चल."

तो निघाला. नवरा भिंतीपासून सुटला आणि एक कुदळ शोधून त्याच्या मागं गेला.

सासू गर्दीतून पुढं आली आणि तिनं हात पसरले. "दे तिला इकडं. तुझे हात बघ."

मुलगी जागी होती. चिखलाच्या, सालपटं निघालेल्या त्या हातांत ती काहीच तक्रार न करता पडून होती. थोरलीनं तिला दिलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "सुईणीच्या घरात अजून गुडघाभर चिखल आहे. तुम्ही तो बघा."